कर्णाच्या हाती कोणतं कार्ड?

न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल येतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. ख्यालीखुशाली दोन मिनिटांत आटोपते आणि मग तो कॅमेरा हातातल्या फोनच्या पडद्याकडे वळवतो. मागच्या महिन्यात त्या पडद्यावर एका करारी म्हाताऱ्याचं चित्र होतं, खाली पाच तारे. "मामा, कॅलिडोस्कोप आलं! किती दिवसांनी आलं माहितीये? आता सांग, हे कर्णाला देऊ की नको?"

कर्ण म्हणजे आपलाच, कुंतीचा. तो एका जपानी मोबाइल गेममध्ये कसा पोचला हे आधी सांगायला हवं. 'फेट/ग्रँड ऑर्डर' हा गेम जपानमध्ये जुलै २०१५ मध्ये आला आणि अमेरिका-कॅनडात त्याची इंग्रजी आवृत्ती २५ जून २०१७ ला सुरू झाली. किनोको नासु या लेखकाने आणि त्याच्या 'टाइप-मून' मंडळींनी उभ्या केलेल्या कथाविश्वावर तो बेतलेला आहे. त्यात जगभरच्या इतिहासातले आणि पुराणांतले वीर तुमच्या बाजूने लढायला येतात. अर्जुन आहे, राम आहे. झाशीची राणी लक्ष्मीबाई, म्हणजे तांब्यांची मनकर्णिकाही तलवारवाल्यांच्या वर्गात उभी आहे. कर्ण भालाईतांच्या वर्गात आहे आणि त्याच्या ठेवणीतल्या अस्त्राचं नाव 'वासवी शक्ती'. इंद्राला कवचकुंडलं देऊन मिळवलेली तीच ती.

या वीरांना खेळात सर्व्हंट म्हणतात. प्रत्येक सर्व्हंटच्या अंगावर एक, आणि एकच, कार्ड चढवता येतं. इंग्रजीत त्या कार्डाला क्राफ्ट एसेन्स म्हणतात. मूळ जपानी नाव 'गाइनेन रेइसो', म्हणजे ढोबळमानाने एखाद्या संकल्पनेचं विधिवस्त्र. कार्ड स्वतः लढत नाही. ते सर्व्हंटच्या हल्ल्याच्या किंवा आयुष्याच्या आकड्यात काही भर घालतं आणि वर एखादा गुण देतं. कुणाच्या वाराला जोर येतो, कुणाचं अस्त्र लवकर तयार होतं, कुणाला लढाई संपल्यावर जास्त पैसे मिळतात. एक ते पाच तारे ही त्या कार्डाची दुर्मिळता. आणि ते मिळतं कसं, तर गाचातून. जपानमध्ये नाणं टाकून मूठ फिरवली की खेळण्याची डबी बाहेर पडणारी यंत्रं असतात. मूठ फिरतानाचा आवाज 'गाचा' आणि डबी पडतानाचा 'पोन', त्यावरून हे नाव आलं. काय पडेल ते आपल्या हातात नसतं.

कॅलिडोस्कोप चांगलं का? भाच्याचं उत्तर तयार होतं: "पाच तारे आहेत, आणि सगळ्या याद्यांमध्ये पहिल्या तीनात आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांतून निघत नाही.

आपल्याकडे सुट्टीत पत्ते कुटलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. मेंढीकोटमध्ये सगळ्यांचा डोळा दहिल्यांवर असतो, कारण डाव त्यांच्यावर ठरतो. बदाम सत्तीत बदामाची सत्ती आल्याशिवाय कुणाचंच पान हलत नाही आणि एक्का हातात असला तरी तो टोकाला बसून राहतो. झब्बूमध्ये तर मोठं पान हे गळ्यातलं लोढणं, कारण कुणी रंग तोडला की सगळा ढीग मोठ्या पानवाल्याच्या गळ्यात पडतो. एक्का तोच. त्याची किंमत खेळ ठरवतो आणि हातातली बाकीची पानं ठरवतात. गाचातल्या कार्डांचंही तसंच आहे. फरक इतकाच, की इथे कार्डावर टक्के छापलेले असतात आणि छापील आकडा दिसला की माणूस बाकीचं बघायचं सोडून देतो.

तेव्हा ते टक्के उलगडू. समजा कर्णाकडून वासवी शक्ती सोडायची आहे आणि जास्तीत जास्त नुकसान करायचं आहे. भाच्याच्या पेटीत त्यासाठी तीन पाचतारांकित कार्डं पूर्ण वाढवून तयार आहेत. 'लिमिटेड/झीरो ओव्हर' लाल रंगाच्या, म्हणजे बस्टर जातीच्या हल्ल्यांचा जोर ३० टक्के वाढवतं. 'हेवन्स फील' ठेवणीतल्या अस्त्राचं नुकसान ५० टक्के वाढवतं. 'ब्लॅक ग्रेल' तेच नुकसान ८० टक्के वाढवतं, पण ते घालणाऱ्याचं आयुष्य दर फेरीला ५०० ने कमी होतं. पहिली दोन कार्डं हल्ल्याच्या आकड्यात २,००० ची भर घालतात, ग्रेल २,४०० ची.

३०, ५० आणि ८०. वरवर पाहता क्रम लागला.

आता साडीच्या दुकानाबाहेरचा सेलचा फलक आठवा: ५० टक्के अधिक २० टक्के सूट. हजाराच्या साडीवर ७० टक्के सूट मिळेल असं वाटतं, पण बिल ३०० चं येत नाही, ४०० चं येतं. कारण दुसरे २० टक्के उरलेल्या पाचशेवर लागतात. दोन टक्केवाऱ्यांची बेरीज होते की गुणाकार, हा सगळा खेळ आहे. सूट असेल तर गुणाकारात गिऱ्हाईक नाडलं जातं. वाढ असेल तर गुणाकारात त्याचा फायदा होतो: ५० आणि २० टक्के वाढ एका कंसात घातली तर १.७ पट, वेगवेगळ्या कंसांत घातली तर १.५ गुणिले १.२, म्हणजे १.८ पट.

या खेळाचं नुकसानीचं सूत्रही असंच कंसांचं आहे. हल्ल्याच्या आकड्याला अनेक कंसांनी गुणलं जातं. एका कंसात रंगाची वाढ, म्हणजे बस्टर, आर्ट्स किंवा क्विक. दुसऱ्यात सर्वसाधारण हल्ल्याची वाढ आणि समोरच्याचा बचाव. तिसऱ्यात अस्त्राच्या नुकसानीची वाढ आणि 'अमुक प्रकारच्या शत्रूवर जास्त जोर' अशा गोष्टी. एकाच कंसातल्या वाढी एकमेकींत मिळवायच्या, कंस मात्र एकमेकांनी गुणायचे. सूत्रात आणखीही गुणक आहेत, ०.२३ हा कायमचा स्थिरांक आहे, वर्गावर्गाचे फरक आहेत. पण एकाच सर्व्हंटवर तीन कार्डं तोलताना ते तिन्हीकडे सारखेच असतात, म्हणून बाजूला ठेवता येतात.

कर्णाचा स्वतःचा हल्ल्याचा आकडा बाराएक हजार आहे. मदतीला कुणीच नाही असं धरलं, तर झीरो ओव्हर घालून १४,००० गुणिले १.३, म्हणजे १८,२००. हेवन्स फील घालून १४,००० गुणिले १.५, म्हणजे २१,०००. ग्रेल घालून १४,४०० गुणिले १.८, म्हणजे २५,९२०. कार्डावर छापलेला क्रम इथे बरोबर ठरला.

आता समजा दुसऱ्या साथीदारांमुळे कर्णाच्या तिसऱ्या कंसात आधीच १०० टक्के वाढ आलेली आहे आणि रंगाचा कंस रिकामा आहे. झीरो ओव्हरचा हिशेब १४,००० गुणिले १.३ गुणिले २, म्हणजे ३६,४००. हेवन्स फीलचे ५० टक्के मात्र त्या भरलेल्या कंसातच जाऊन पडतात: १४,००० गुणिले २.५, म्हणजे ३५,०००. ३० टक्क्यांच्या कार्डाने ५० टक्क्यांच्या कार्डाला मागे टाकलं. ग्रेल ४०,३२० वर अजूनही पुढेच आहे, पण तिची झीरो ओव्हरवरची आघाडी ४२ टक्क्यांवरून जेमतेम ११ वर आली. मीठ किती घालायचं हे आमटीत आधी किती पडलंय ते चाखल्याशिवाय सांगता येत नाही, तशीच ही गोष्ट.

याचं दुसरं टोकही आहे. 'फॉर्मल क्राफ्ट' नावाचं पाचतारांकित कार्ड निळ्या, म्हणजे आर्ट्स हल्ल्यांना ३० टक्के वाढ देतं. निळ्या अस्त्रांच्या सर्व्हंटला ते सोन्यासारखं आहे. वासवी शक्ती लाल. तिला त्याचा उपयोग शून्य.

हे झालं जोराचं. कॅलिडोस्कोप या हिशेबात कुठेच आलं नाही, कारण त्याचं काम वेगळं आहे. ठेवणीतलं अस्त्र सोडायचं तर एक मापी १०० टक्के भरावी लागते. खेळाडू तिला गेज म्हणतात. लढाई सुरू होताना ती रिकामी असते आणि मारामारी करत हळूहळू भरते. कॅलिडोस्कोप घातलं की ती सुरुवातीलाच ८० टक्के भरलेली मिळते. कार्ड पूर्ण वाढवलं तर १०० टक्के, म्हणजे पहिल्याच फेरीत अस्त्र सुटतं. जोराची टक्केवारी चढणीसारखी असते, जितकी वाढेल तितका थोडाथोडा फायदा. गेज मात्र उंबरठा आहे. ९८ टक्के भरलेली गेज आणि ४० टक्के भरलेली गेज, दोन्हींनी अस्त्र सुटत नाही. पावणेनऊची लोकल एका मिनिटाने चुकली काय आणि वीस मिनिटांनी चुकली काय, फलाटावर उभं राहणं तेच.

उंबरठ्याच्या गोष्टीत हिशेब उलटा करावा लागतो. कार्ड किती देतं हे नंतर, आधी किती कमी पडतंय ते बघायचं. समजा कर्णाच्या जोडीला झूगे लियांग आहे. चीनच्या तीन राज्यांच्या काळातला हा मुत्सद्दी खेळातल्या जुन्या मदतनीसांपैकी एक. त्याचे तिन्ही गुण मिळून एका साथीदाराची गेज ५० टक्के भरतात. मग कर्णाला हवेत उरलेले ५०. तिथे कॅलिडोस्कोप लावलं तर बेरीज १३० किंवा १५० होते. अस्त्र सुटलं की सगळी गेज खर्ची पडते, त्यामुळे शंभराच्या वरचे ते ३० किंवा ५० वायाच जातात. उलट 'ड्रॅगन्स मेरिडियन' हे तीन ताऱ्यांचं कार्ड पूर्ण वाढवलेलं असेल तर बरोबर ५० टक्के देतं. तीन ताऱ्यांची कार्डं पेटीत ढिगाने पडतात. बहुतेक जण ती दुसऱ्या कार्डांना खाऊ घालून टाकतात. माझ्या भाच्याने ड्रॅगन्स मेरिडियनच्या किमान आठ प्रती अशा खाऊ घातल्या होत्या, हे त्याने फारच हळू आवाजात सांगितलं.

जादूगार मर्लिनही सोबत असेल तर तो आणखी २० टक्के भरतो. मग कमतरता ३० ची राहते आणि ती ड्रॅगन्स मेरिडियनच्या एका न वाढवलेल्या प्रतीनेही भागते. दोन झूगे लियांग असतील तर कमतरता शून्य. तसं झालं की कर्णाची कार्डाची जागा मोकळी होते आणि तिथे ग्रेल बसवता येते.

म्हणून हा प्रश्न कार्डाचा आहे तसाच साथीदारांचाही आहे. आणि दोन झूगे लियांग कुठून आणायचे याची सोय खेळातच आहे: एक आपला, एक मित्राचा. प्रत्येक लढाईत ओळखीच्या खेळाडूचा एक सर्व्हंट उसना घेता येतो आणि तो येताना त्याच्या अंगावरचं कार्डही घेऊन येतो. दिवाळीत माळा लावायला शेजाऱ्याची शिडी मागून आणणारे आपण लोक, आपल्याला हे लगेच कळायला हवं. उसनं मिळणारं कार्ड स्वतःकडे नसेल तर हळहळण्यात अर्थ नाही. जे उसनं मिळत नाही, त्यासाठी जीव टाकावा.

ग्रेलच्या ५०० च्या दंडाबद्दल दोन शब्द. कर्णाचं आयुष्य तेराएक हजारांचं आहे. साहित्य गोळा करण्यासाठी जी रोजची लढाई पुन्हापुन्हा खेळली जाते ती तीन फेऱ्यांत उरकते. त्यात गेले १,५००, कुणाला पत्ता लागत नाही. पण वीस फेऱ्या चालणाऱ्या मोठ्या लढाईत तोच दंड १०,००० होतो आणि शत्रूच्या आधी आपलंच कार्ड आपल्याला आडवं करतं. महाभारतातल्या कर्णानेही असाच सौदा केला होता. रोज अंगावर असणारं संरक्षण दिलं आणि एकदाच वापरता येईल असं अमोघ अस्त्र घेतलं. ते त्याने अर्जुनासाठी राखून ठेवलं होतं, पण रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्च करावं लागलं. अस्त्र अमोघच होतं. घटोत्कच कोसळला आणि अर्जुन वाचला.

आता कार्ड वाढवण्याची भानगड. तिच्यावरच बहुतेकांचे पैसे जातात. कार्डाची एक पातळी असते आणि एक मर्यादा. पाचतारांकित कार्डाची पातळी सुरुवातीला २० पर्यंतच चढते. त्याच कार्डाची दुसरी प्रत त्यात मिसळली की मर्यादा ४०, असं करत पाचव्या प्रतीला १००. पातळी चढली की फक्त हल्ल्याचा आणि आयुष्याचा आकडा वाढतो. गुण वाढत नाही. कॅलिडोस्कोप पहिल्या पातळीवर असतानाही ८० टक्केच देतं आणि पन्नासाव्या पातळीवरही ८०. तो १०० होतो तो पाचवी प्रत मिसळल्यावरच. भाच्याने ते कार्ड आल्याआल्या जवळचं सगळं साहित्य त्याच्यात ओतलं. गेजच्या दृष्टीने त्यातून काही मिळालं नाही.

मग पाच प्रतींच्या मागे लागावं का? तेही कार्डाकार्डावर आहे. फॉर्मल क्राफ्ट एका प्रतीला २५ टक्के देतं आणि पाच प्रतींना ३०. चार जादा प्रतींचे मिळून पाच टक्के! ग्रेल ६० वरून ८० वर जाते. 'मोना लिसा' हे कार्ड लढाईनंतर मिळणारे खेळातले पैसे वाढवतं. ते एका प्रतीला दोन टक्के आणि पाच प्रतींना दहा टक्के, म्हणजे पाचपट. मोना लिसाच्या एका प्रतीला माझ्या लेखी काही किंमत नाही, आणि फॉर्मल क्राफ्टच्या एकाच प्रतीवर आनंदाने भागवावं. कॅलिडोस्कोपचं काय? तुमच्या साथीदारांकडून २० टक्के मिळत असतील तर एक प्रत आणि पाच प्रती यांत तुम्हाला मिळणारा फरक जवळपास नाही. मिळत नसतील तर फार मोठा आहे.

पाच प्रती मिळण्याची शक्यता किती, तेही बघू. या खेळात एका सोडतीत पाचतारांकित सर्व्हंट निघण्याची शक्यता १ टक्का, चार ताऱ्यांच्या सर्व्हंटची ३, तीन ताऱ्यांच्या सर्व्हंटची ४०. उरलेले ५६ टक्के कार्डांचे: पाच ताऱ्यांची ४, चार ताऱ्यांची १२, तीन ताऱ्यांची ४०. म्हणजे सरासरी दर दोन सोडतींतली एक तरी कार्डाचीच. कर्णासाठी पैसे घालावेत आणि हातात चित्रं यावीत, हे इथलं नित्याचं दुःख. पण पाचतारांकित कार्डांचे ते ४ टक्के कुठल्याही पाचतारांकित कार्डाचे आहेत, तुम्हाला हव्या त्या एकाचे नव्हेत. हिशेबापुरतं धरू, की हवं ते कार्ड हजारात एकदा निघतं. मग ३३० सोडती करूनही ते एकदा तरी निघण्याची शक्यता २८ टक्क्यांच्या आसपासच राहते. पाच प्रतींना सरासरी ५,००० सोडती. सोडतीसाठीचं खेळातलं चलन म्हणजे 'सेंट क्वार्ट्झ'; ३० क्वार्ट्झला अकरा सोडती या भावाने ते साडेतेरा हजार क्वार्ट्झच्या वर जातं. ३३० हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. तेवढ्या सोडतींनंतर त्या वेळी पुढे केलेला पाचतारांकित सर्व्हंट नक्की देण्याची सोय खेळात आहे. हे संरक्षण सर्व्हंटला आहे. कार्डाला नाही.

जपानने या धंद्याला थोडा लगाम घातला आहे. वेगवेगळ्या वस्तूंचा संच सोडतीतून पुरा केला तर मोठं बक्षीस, असा 'कोम्पु गाचा' नावाचा प्रकार तिथे चालायचा. मे २०१२ मध्ये ग्राहक व्यवहार संस्थेने तो बेकायदा ठरवला. 'ग्रँडब्लू फँटसी' या दुसऱ्या गेममध्ये २०१६ च्या नववर्षाच्या सुमारास एका खेळाडूने एकाच पात्रासाठी सुमारे सात लाख येन घातले, तेही लोकांसमोर थेट प्रक्षेपण करत. त्यावरून गदारोळ झाला आणि मार्च २०१६ पासून त्या गेममध्ये ३०० सोडतींनंतर हवी ती गोष्ट निवडून घेण्याची सोय आली. ३०० सोडती म्हणजे ९०,००० येन. मर्यादा आली, पण ती काय भावाची होती हेही ध्यानात घ्या.

पेटीतली सगळी चांगली कार्डं एकदम वापरताही येत नाहीत. प्रत्येक सर्व्हंटला आणि कार्डाला एक वजन असतं, खेळाच्या भाषेत कॉस्ट. पाचतारांकित सर्व्हंट १६, पाचतारांकित कार्ड १२. अशा पाच जोड्या केल्या तर १४०, आणि खेळाची परवानगी त्याच्या बरीच खाली थांबते. तीन ताऱ्यांच्या कार्डाचं वजन ५. म्हणून ड्रॅगन्स मेरिडियनने काम भागलं की सात अंक वाचतात आणि त्यांत दुसरीकडे बरा गडी उभा करता येतो. घराचा नकाशा काढताना जिना कुठे घ्यायचा यावर स्वयंपाकघर किती मोठं होणार ते ठरतं, तसं.

सणासुदीची कार्डंही असतात. एखादा विशेष कार्यक्रम दोन-तीन आठवडे चालतो आणि तेवढ्यापुरती त्याची कार्डं जास्त खाऊ, जास्त चिंचोके असलं काहीबाही मिळवून देतात. कार्यक्रम संपला की तो गुण विझतो. जत्रेतला पाळणा जत्रेतच फिरतो. कार्यक्रमातल्या दुकानात जे कार्ड फुकट मिळतं त्याच्या सगळ्या प्रती घ्याव्यात. सोडतीतल्यासाठी साठवलेले क्वार्ट्झ उडवू नयेत, असं माझं मत आहे. भाच्याचं नाही.

नाव बदलून हीच व्यवस्था कितीतरी खेळांत आहे. 'मोबियस फायनल फँटसी'मध्ये त्यांना सरळ ॲबिलिटी कार्ड म्हणत. आपली चार लावायची आणि एक उसनं घ्यायचं. 'होन्काई: स्टार रेल' २०२३ मध्ये आला, त्यात लाइट कोन असतात. लाइट कोनचा मार्ग आणि पात्राचा मार्ग जुळला नाही तर आकड्यांची भर मिळते, पण गुण चालूच होत नाही. कुंडली न जुळलेलं लग्न म्हणा. 'उमामुसुमे' हा शर्यतीच्या घोड्यांवरून बेतलेला गेम २०२१ मध्ये जपानमध्ये निघाला. त्यात एका प्रशिक्षणाला सहा सपोर्ट कार्डं लागतात, पाच आपली आणि सहावं मित्राचं. सुरुवातीलाच आलेलं कितासान ब्लॅकचं कार्ड तिथे दीर्घकाळ राज्य करत होतं. कितासान ब्लॅक हा खरा घोडा, जपानी गायक साबुरो किताजिमांच्या मालकीचा. ते कार्ड हवं म्हणून लोकांनी पैसे ओतले. पुढे प्रशिक्षणाचे नवे प्रकार आले, त्यांचे नियम वेगळे होते आणि कार्डांची उतरंड हलली. कितासानच्या कार्डावरचा एकही आकडा बदललेला नव्हता.

'सर्वोत्तम दहा कार्डं' छापाच्या याद्यांचं हेच दुखणं आहे. त्या खोट्या नसतात. पण त्या ज्याच्या पेटीत सगळंच आहे, साथीदार पूर्ण वाढलेले आहेत आणि कॉस्टची चिंता नाही, अशा माणसाच्या नजरेतून केलेल्या असतात. पाचशे पाककृतींच्या पुस्तकात पहिला नंबर कुणाचा, हे विचारण्यापेक्षा फ्रिजमध्ये काय आहे ते पाहून स्वयंपाकाला लागणारी बाई जास्त शहाणी. यादी वाचायचीच असेल तर क्रमांक सोडून कारण वाचा: अमुक कार्ड वर का? एकाच सोयीमुळे वर असेल आणि ती सोय तुमच्या दोन साथीदारांकडून मिळत असेल, तर ते कार्ड तुमच्या यादीत खाली जातं.

आणि कार्ड हातात आलं म्हणून ते आपलं झालं असंही नाही. मोबियस फायनल फँटसीची जपानबाहेरची आवृत्ती ३० जून २०२० ला बंद झाली. वर्षानुवर्षं जमवलेली ॲबिलिटी कार्डं त्या दिवशी सर्व्हरबरोबर गेली. पाच तारे असोत की एक.

भाच्याला मी हे सगळं एका रविवारी सांगितलं नाही, चारेक रविवार लागले. मग त्याने पेटी उघडली आणि आम्ही मोजदाद केली. झूगे लियांग त्याच्याकडे आहे, दुसरा त्याच्या वर्गातल्या मैत्रिणीकडून उसना मिळतो. तेव्हा कर्णाला कॅलिडोस्कोप नको, ग्रेल. तिच्या पाच प्रती त्याच्याकडे कधीच्या होत्या, पण आयुष्य कमी होतं म्हणून त्याने ती कुणालाच घातली नव्हती. कॅलिडोस्कोप गेलं लक्ष्मीबाईच्या अंगावर, कारण तिला दुसरं कुणी गेज भरून देत नव्हतं. ड्रॅगन्स मेरिडियनच्या नव्या प्रती तो आता जपून ठेवतो. परवापर्यंत तीन झाल्या होत्या, अजून दोन हव्यात.